यसाबाईंचा डावा हात

प्रतीक्षा चाळकेने आपल्या आईचा डावा हात पुसून टाकला तो एका मंगळवारी सकाळी, चहाच्या सुटीआधी, चौदा मिनिटांत. आपण गुन्हा करत आहोत असे तिला वाटले नाही. आपण स्वच्छता करत आहोत असेच तिला वाटले. इतिहासातले बहुतेक विध्वंस याच समजुतीने पार पडले आहेत; पण तो विषय मोठा आहे आणि ही गोष्ट एका सुपाएवढी आहे.

चिंचवडच्या पलीकडे घड्याळांचा एक कारखाना बंद पडला होता. त्याच्या अकरा एकर जागेवर 'पुनर्भू' नावाची वसाहत उभी राहिली. पुन्हा जिवंत झालेली भूमी, असा अर्थ संस्थापकांना अभिप्रेत होता. धर्मशास्त्रात या शब्दाचा अर्थ दुसऱ्यांदा लग्न केलेली स्त्री असा होतो, हे त्यांना कुणी सांगितले नाही आणि कोश उघडून पाहण्याची सवय त्या वर्गातून केव्हाच गेली होती. तिथे शहरातली सुशिक्षित माणसे पर्माकल्चर शिकायला येत. ओला कचरा कुजवणे, न्हाणीचे पाणी केळीला देणे, रिठ्याने भांडी घासणे, राखेत बी साठवणे, असा नऊ आठवड्यांचा अभ्यासक्रम होता. पाटणच्या खोऱ्यातून आलेल्या यसाबाई चाळके यांनी हे सगळे चोपन्न वर्षे केले होते, कारण दुसरे काही करण्याची ऐपत नव्हती. त्यांच्या गावी या राहणीला दारिद्र्य म्हणत. इथे तिला प्रमाणपत्र मिळत असे.

यसाबाईंना वसाहतीने खुरपणीला ठेवले होते. मुलगी प्रतीक्षा संगणकशास्त्र शिकून तिथेच नोकरीला लागली, आणि तिच्या शब्दावर आईलाही काम मिळाले. खुरपणारी बाई पावट्याचे बी निवडायला बसली की काही वेगळेच घडते, हे पहिल्यांदा डॉ. मिहीर सबनीस यांच्या लक्षात आले. हे मेंदूविज्ञानाचे अभ्यासक आणि वसाहतीचे प्रमुख. ते खादी वापरत, हळू बोलत आणि कुणावर कधी रागावत नसत. अशा माणसांपासून जपून राहावे, हे प्रतीक्षाला फार उशिरा कळले.

सबनिसांचे यंत्र थोडक्यात समजून घेतले पाहिजे. हाताला एकदा बसलेले वळण मेंदूत शिलालेखासारखे कायमचे कोरले जाते, असे पूर्वी मानले जाई. ते खरे नव्हते. वळण जेव्हा वापरात येते, तेव्हा ते काही तास मऊ पडते आणि मग पुन्हा घट्ट होते. गुळाची ढेप तापवली की पाघळते आणि ज्या साच्यात ओताल त्या साच्याची होते, तसेच हे. सबनिसांनी या मऊ तासांचा उपयोग केला. त्यांनी एक हातमोजा तयार केला. आधी तो निष्णात माणसाच्या हातात घालायचा. बोटांचे प्रत्येक वळण, प्रत्येक दाब त्यात नोंदला जाई. मग तोच मोजा शिकणाऱ्याच्या हातात चढवायचा. शिकणारा चाचपडत काम करू लागला की मोजा त्याच्या स्नायूंना विजेचे अगदी सौम्य झटके देत निष्णाताच्या चालीने चालवी, आणि मेंदू त्या साच्यात थिजून जाई. दहा वर्षांचे कसब नऊ दिवसांत येई. एकच अट होती: साच्यात ओतायची चाल स्वच्छ हवी. खाकरणे, अंग खाजवणे, डास मारणे हे सगळे नोंदीतून आधी गाळावे लागे. ते काम प्रतीक्षाचे होते.

नोंदणीच्या दिवशी बीजघराच्या काचेच्या खोलीत यसाबाई सूप मांडीवर घेऊन बसल्या. दोन्ही हातांत करडे मोजे, भोवती सात माणसे.

"यसामावशी, तुम्ही फक्त नेहमीसारखं निवडत राहा," सबनीस म्हणाले. "आम्ही इथे नाहीच असं समजा."

"सात जणं डोळं लावून बसल्यात, अन् न्हाईच समजा म्हनं," यसाबाई म्हणाल्या. "लग्नात नवरीलाबी येवढं बगत न्हाईत."

सगळे हसले. मग त्या निवडू लागल्या आणि हसणे थांबले. उजवा हात सुपातल्या पावट्यांवरून असा फिरे की जणू बिया आपण होऊन बाजूला होत. भरदार, हस्तिदंती रंगाचे दाणे पुढच्या टोपलीत. बारके, सुरकुतलेले, काळ्या ठिपक्यांचे डावीकडे. मूठ संपली की त्या सुपाच्या कडेवर तीनदा बोटे वाजवत आणि पुढची मूठ घेत.

पडद्यावर उजव्या हाताची निळी रेघ उमटत होती. प्रतीक्षाने इतकी देखणी रेघ आजवर पाहिली नव्हती. डाव्या हाताची तांबडी रेघ मात्र जवळजवळ सपाट होती. मधूनच, कसलाही नेम नसताना, ती उसळे. प्रतीक्षाने मान उंचावून पाहिले. आईचा डावा हात टाकलेल्या ढिगातला एखादा दाणा उचलून निवडलेल्यांत सोडत होता. आईचे तिकडे लक्षही नव्हते. ती सबनिसांच्या दाढीकडे पाहत होती.

दुपारी तिने विचारले, "आई, तू डाव्या हातानं मधूनच काय करतेस गं?"

"कुटं काय?"

"टाकलेलं बी परत टोपलीत टाकतेस."

"मी? न्हाय बाई." यसाबाईंनी डावा हात उलटासुलटा करून पाहिला. "माशी बसली आसंल."

प्रतीक्षाला लहानपणापासून सुपाला हात लावू दिला नव्हता. "तू पुस्तक घिऊन बस, हे माज्या नशिबाला हाय तेवढं बास झालं," असे म्हणून आई तिला परड्यातून घालवून देई. त्यामुळे माशी आणि माशी नव्हे यांतला फरक तिला कळण्याचा काही मार्ग नव्हता. मंगळवारी तिने तांबड्या रेघेतल्या सगळ्या उसळ्या निवडल्या, त्यांना 'माशी' असे नाव दिले आणि गाळून टाकल्या. सुपावरची तीन टिचक्यांची खूण मात्र यंत्राने स्वतःहून राखली, कारण ती प्रत्येक मुठीनंतर न चुकता येत होती. जे निरर्थक होते ते नियमित होते म्हणून टिकले. जे अर्थपूर्ण होते ते अनियमित होते म्हणून गेले. आपल्या विद्यापीठांचा कारभार याहून निराळ्या तत्त्वावर चालतो असे कुणी म्हणत असेल, तर त्याने तसे सिद्ध करून दाखवावे.

मूळ नोंद तरी उरायला हवी होती. पण 'पुनर्भू'त राहणारा माणूस काहीही गरजेपेक्षा जास्त बाळगत नसे. संगणकही सौरऊर्जेवर चालत, आणि साठवलेली प्रत्येक नोंद वीज खाते, म्हणजे तीही कचराच, असा वसाहतीचा नियम होता. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि होळीला, सगळे सभासद एकत्र बसून न लागणाऱ्या नोंदी पुसत. त्यानंतर नाचणीचे लाडू वाटले जात. त्या होळीला प्रतीक्षाने दोनशे तासांच्या मूळ नोंदी पुसल्या, आणि तिचे टाळ्या वाजवून कौतुक झाले.

पुढच्या हंगामात बीजघरात वीस शिकाऊ सभासद ओळीने बसले. त्यांत कौमुदी गद्रे होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, हौशी, मोबाइलवर सगळ्याचे चित्रण करून अमेरिकेतल्या बहिणीला धाडणाऱ्या. यसाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. वीस उजवे हात एका चालीने फिरत, आणि मूठ संपली की वीस सुपांवर एकदम तीन टिचक्या पडत.

"ह्या समद्या माज्यावानी वाजवत्यात गं," यसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"का वाजवतेस तू तसं?"

"सासू वाजवायची. चिमण्या उठाव्यात म्हनून. हितं काचंच्या खोलीत कुटल्या आल्यात चिमण्या?"

कौमुदीबाईंनी मान वर केली. "यसामावशी, खरं सांगू का? आता मला आतूनच कळतं, कुठला दाणा चांगला. जणू पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण."

"व्हय बाई," यसाबाई म्हणाल्या, "पन जरा पाठ सरळ ठिवा. पिढ्यान्‌पिढ्यांची कंबरबी दुकती."

दोन वर्षांत तीनशे चाळीस वसाहतींनी आणि बचत गटांमार्फत हजारो गावांनी ते मोजे घेतले. पाटणच्या खोऱ्यातही ते पोहोचले. ज्या बायकांनी यसाबाईंच्या सासूला निवड शिकवली असेल, त्यांच्या नातसुना आता यसाबाईंच्या उजव्या हाताने निवडू लागल्या. मग बीजघरात शिरायला दाखला सक्तीचा झाला. दाखल्यासाठी मोजा घालून परीक्षा द्यायची. आदर्श चालीशी आपली चाल किती जुळते, ते मोजा सांगे.

यसाबाईंना शंभरापैकी एकोणसत्तर गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला ऐंशी लागत.

"अहो, ही चाल त्यांचीच आहे!" प्रतीक्षा सबनिसांच्या खोलीत म्हणाली.

"होती," सबनीस मृदूपणे म्हणाले. "माणसाचा हात दर वर्षी बदलतो, प्रतीक्षा. वय, थकवा. नोंदलेला हात हा त्यांचा सर्वोत्तम हात आहे. आपण त्यांना त्यांचाच सर्वोत्तम हात परत देतोय. मला तर हे फार सुंदर वाटतं."

सुंदर या शब्दाला उत्तर नसते. त्या आठवड्यात तिनेच आईला समजावले.

"आई, दाखला नसला तर तुला परत खुरपणीला पाठवतील. रोज सकाळी चाळीस मिनिटं मोजा घालायचा. सहा आठवडे. बस."

"माजाच हात मला शिकवनार व्हय तुजं मशीन?"

"घाल ना आई. माझ्यासाठी."

यसाबाईंनी दोन्ही हातांत मोजे घातले; उजवा मोजा हात चालवी, डावा हात स्थिर ठेवी. मुलीसाठी त्यांनी याहून अवघड गोष्टी केल्या होत्या. सहा आठवड्यांनी त्यांना अठ्ठ्याण्णव गुण पडले, आणि प्रतीक्षाने त्यांचा दाखल्यासह फोटो काढला. फोटोत त्या हसत नाहीत. उन्हामुळे डोळे मिचकावत असाव्यात, असे तेव्हा तिला वाटले.

चार हंगाम गेले. वसाहतीतल्या पावट्याचे दाणे असे एकसारखे झाले की पाहुण्यांना दाखवावेत. टाकलेले बी अर्थातच वाया जात नसे. ते दर बुधवारी सामुदायिक स्वयंपाकघरात उसळीला जाई. बारके, सुरकुतलेले, ठिपक्यांचे, उशिरा फुलणाऱ्या वेलांचे, कडवट सालीचे, सगळे. दर बुधवारी लोक ती उसळ चाटून पुसून खात आणि पाटणच्या मातीची चव लागते म्हणत.

पाचव्या वर्षी कार्तिकात वेलांवर केवडा रोग पडला. पांढरी माशी रसातून विषाणू नेते. पाने पिवळ्या ठिगळांची होतात, शेंग वाकडी होऊन गळते. पावट्यावर केवडा दर चार-पाच वर्षांनी येतच असे. शेताचा तिसरा हिस्सा जाई, उरलेला तगे. या वेळी मात्र 'पुनर्भू'चे वेल एका आठवड्यात गेले. पंधरा दिवसांत तीनशे चाळीस वसाहतींतून तीच बातमी आली, आणि महिन्याभरात पाटणहून. कुठेही एक वेल उभा नव्हता.

वनस्पतिरोगतज्ज्ञांचा अहवाल तीन पानांचा होता. पावटा बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतो. म्हणून गावरान पावटा म्हणजे एक वाण नसतो, तर शेजारी शेजारी नांदणाऱ्या कैक घराण्यांचा मेळा असतो. त्यातले एखादे घराणे दुष्काळात टिकते, एखादे केवड्यात. तज्ज्ञांनी तपासलेले सगळे वेल मात्र जणू एकाच घराण्यातले होते. फक्त भरदार दाणा निवडत गेल्यास चार हंगामांत असे होणे स्वाभाविक आहे, असे त्यांनी लिहिले होते.

प्रतीक्षाने ते वाक्य तीनदा वाचले. चार हंगामांत होणे स्वाभाविक. आणि आईने चाळीस हंगाम तोच भरदार दाणा निवडला होता. तिच्या चाळीस हंगामांत मेळा मोडला कसा नाही?

मग तिला आपण गाळलेली ती 'माशी' आठवली.

ती कौमुदी गद्र्यांकडे धावली. नोंदणीच्या दिवशीच्या सात माणसांत त्या होत्या, आणि त्या काहीही पुसत नसत. ही त्यांची एकमेव नियमबाह्य सवय. बहिणीला पाठवलेल्या चित्रणांत बेचाळीस सेकंदांचा एक तुकडा सापडला. प्रतीक्षाने तो सावकाश चालवून पाहिला. बेचाळीस सेकंदांत आईच्या डाव्या हाताने नऊ दाणे उचलले. प्रत्येकाच्या डोळ्यावरून, म्हणजे दाण्याचा देठ जिथे सुटतो त्या पांढऱ्या रेषेवरून, अंगठा एकदा फिरवला. सात टोपलीत सोडले. दोन परत ढिगात ठेवले.

म्हणजे तो हात नुसता उधळत नव्हता. निवडत होता. उजवा हात या सालचे बी निवडे, आणि डावा अजून न आलेल्या सालांचे. अंगठ्याला त्या पांढऱ्या रेषेत काय लागत होते, ते जगातल्या एका पुस्तकात लिहिलेले नव्हते. आणि ज्या एका देहात होते, त्यातूनही प्रतीक्षाने सहा आठवडे रोज चाळीस मिनिटे ते काढून टाकले होते. 'माझ्यासाठी' म्हणून.

तिने आईला चित्रण दाखवले. यसाबाईंनी ते पाहिले, कुणा परक्या बाईचे पाहावे तसे.

"माजाच हात हाय का ह्यो?"

"आठवतंय काही? अंगठ्याला काय लागायचं?"

"न्हाय गं पोरी." मग त्या म्हणाल्या, "सासूचा असा चालायचा. मी बगायची. मला येत हुतं हे मला कुटं ठावं हुतं?"

बी शोधण्याची धडपड सुरू झाली. ज्या दोन बीजपेढ्यांना प्रतीक्षाने लिहिले, त्यांच्याकडे या खोऱ्यातला पावटा कधी आलाच नव्हता. शेवटी तो सापडला घरातच. आईची धाकटी बहीण चंदामावशी हिचे गुडघे पाच वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून तिने पेरले नव्हते आणि मोजाही घेतला नव्हता. तिच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात, राखेत, जुन्या मेळ्याचे तीन किलो बी पडून होते. प्रगतीच्या तावडीतून जे सुटते ते बहुधा आजारपणामुळेच सुटते.

तीन किलो म्हणजे नऊ हजारांवर दाणे. प्रतीक्षाने शंभर ओल्या फडक्यात घालून पाहिले, एकोणतीस उगवले. पुढच्या वर्षी दहाही उगवले नसते. आणि पेरायला जागा नव्हती. केवड्यामुळे जिल्ह्यात उघड्यावर पावटा लावायला बंदी आली होती. बीजपेढ्यांनी उरलेले बी सांभाळायला रोगमुक्त असल्याचा दाखला मागितला. दाखल्यासाठी आधी झाड वाढवून दाखवावे लागे. सबनिसांनी खटपट करून एका जाळीघराची परवानगी मिळवली. त्यात साठ कुंड्या. एकीत तीन बिया.

"एकशेऐंशी," प्रतीक्षा म्हणाली. "नऊ हजारांतून."

"डोळे मिटून उचल," सबनीस म्हणाले. "यादृच्छिक निवड. त्यात पक्षपात नसतो."

"शंभरात एक दाणा ज्या घराण्याचा आहे, ते घराणं या साठ कुंड्यांत उगवणारच नाही याची शक्यता अर्ध्याहून जास्त आहे. केवड्यात टिकणारं घराणं तेच असलं तर?"

सबनिसांनी चष्मा पुसला. "मी ही वेदना समजू शकतो. खरंच. आपण हा सगळा प्रवास नोंदवून ठेवू या. पुढच्या वसाहतींना उपयोगी पडेल."

तिने त्यांच्याकडे पाहिले. ते मनापासून बोलत होते. तिला त्यांचा राग यावा एवढेही त्यांनी तिच्या हाती ठेवले नव्हते. कारण पुसणारे बोट तिचे स्वतःचे होते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता कृषी खात्याचा माणूस जाळीघराला सील लावणार होता. त्यानंतर चार महिने आत कुणी जायचे नव्हते; पाणी बाहेरून नळीने सुटणार होते. दुपारी दोनला मायलेकी आत बसल्या. मध्ये सूप, सुपात राख झाडलेले पावटे. काळे, तांबूस, पांढरे, ठिपक्यांचे, चपटे, वाटोळे. इतके रंग प्रतीक्षाने चार वर्षांत पाहिले नव्हते.

"तू काही विचार करू नकोस," ती म्हणाली. "नुसती निवड. हात जाईल तिकडे जाऊ दे."

यसाबाईंनी डोळे मिटले. उजवा हात सुपावर आला आणि फिरू लागला. भरदार, हस्तिदंती. भरदार, हस्तिदंती. डावा हात मांडीवर उताणा पडला होता, पाहुण्याच्या घरी बसावे तसा अवघडून.

अर्ध्या तासाने प्रतीक्षाने आपली ओढणी काढली. "आई, उजवा हात बांधू का?"

"बांध."

तिने मनगट ओढणीने कमरेशी बांधले. आता डाव्यालाच काम करावे लागणार होते. त्याने खरेच काम सुरू केले. आधी अडखळत, मग भराभर. प्रतीक्षा अंगठ्याकडे पाहत होती. अंगठा दाण्याच्या डोळ्याकडे गेला नाही. हाताने बारका ठिपक्यांचा दाणा बाजूला सारला आणि भरदार उचलला. दुसरा भरदार. तिसरा. एका हाताला शिकवलेले दुसऱ्या हाताकडे झिरपते, हे पाठ्यपुस्तकात होते. परीक्षेत तिने ते लिहिलेही होते. मूठ संपली. डाव्या हाताने सुपावर तीन टिचक्या मारल्या.

यसाबाईंनी डोळे उघडले आणि लेकीचे तोंड पाहिले. "झालं न्हाय व्हय?"

"नाही."

"सोड मंग हात. रग लागली."

सव्वातीन वाजले होते. प्रतीक्षाने गाठ सोडली, आईच्या मनगटावरचा वळ चोळला आणि सूप आपल्या मांडीवर ओढले. वसाहतीत मोजा कधीच न घातलेला माणूस ती एकटीच होती; यंत्र चालवणाऱ्याला ते घालावे लागत नसे. तिच्या हाताला काहीच येत नव्हते. चुकीचेही येत नव्हते. तिने बेचाळीस सेकंद मनाशी चालवले, डाव्या हाताने एक दाणा उचलला आणि त्याच्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. दुसरा उचलला. तोही गुळगुळीत. तिसऱ्याला काहीतरी लागल्यासारखे वाटले. कदाचित राख असेल. तिने तो टोपलीत सोडला. काळा, चपटा, सुरकुतलेला.

यसाबाई पुढे वाकल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला. पोरगी सुपाशी बसली होती. तीस वर्षे जिला हाकलले ती आपण होऊन बसली होती, आणि आता हाकलण्याचे कारणही उरले नव्हते.

"आसं न्हाय गं बाई," त्या हसून म्हणाल्या, आणि तो काळा दाणा टोपलीतून उचलून त्यांनी बाजूला टाकला. "ह्यो बारका हाय. ह्यो बग, ह्यो घे. कसा भरलाय!"

"आई, मला तो ठेवायचा—"

"आगं शिक तरी नीट. पुस्तकात आसतंय व्हय हे?" त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. पंजा उबदार होता, खरखरीत. "हलक्या बोटानं. दाबायचं न्हाय. हां. आता म्होरला."

प्रतीक्षाने दुसरा दाणा उचलला, ठिपक्यांचा. आईच्या हाताने तो न रागावता तिच्या बोटांतून काढून घेतला आणि जागी एक हस्तिदंती ठेवला. तिसऱ्या वेळीही तेच. चौथ्या वेळीही. आईला थांबवायला एक वाक्य पुरले असते. तुझा हात आता चुकीचा आहे, एवढेच म्हणायचे होते. पण तो चुकीचा कुणी केला, हे त्या वाक्याच्या पोटातच होते. आणि या बाईकडून एकदा तिचा हात काढून घेतल्यावर, तो तिला सापडला आहे असे वाटत असताना, तो दुसऱ्यांदा काढून घेण्याचे बळ प्रतीक्षाने स्वतःत शोधले आणि तिला ते मिळाले नाही.

बाहेर कृषी खात्याच्या माणसाची मोटरसायकल येऊन थांबली. तो जाळीपलीकडे उभा राहून घड्याळ पाहू लागला. टोपलीत एकशेऐंशी दाणे झाले होते, आणि लांबून ते एखाद्या दुकानातल्या डाळीसारखे दिसत होते. सुपात उरलेल्या रंगांकडे न पाहता प्रतीक्षा उठली. एकेका कुंडीत तीन तीन बिया टोचत गेली. यसाबाई मागून माती सारखी करत होत्या आणि बोलत होत्या, पावट्याला फार पाणी लागत नाही, वेलाला आधार लवकर द्यायचा, पुढच्या वर्षी तू एकटीनेच निवडशील बघ. साठाव्या कुंडीपाशी प्रतीक्षाच्या बोटांत शेवटचा दाणा आला. तो जरा बारका निघाला. तिने तो आईपुढे धरला.

"हा चालेल का?"

यसाबाईंनी तो घेतला, उजेडात धरून पाहिला आणि ओच्यातला एक भरदार दाणा लेकीच्या तळहातावर ठेवला.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या.